पटसंख्या नंतर, आधी शिक्षक किती ते बघा

गोव्यात वाळपईजवळ नव्याने राहायला आलात, मुलगी जूनमध्ये पहिलीत जाणार आणि समोर दोन सरकारी मराठी प्राथमिक शाळा: वाड्यावरची, ११ मुलं आणि एकच बाई, नाहीतर शेजारच्या गावातली, चाळीसेक मुलं आणि दोन शिक्षक. यूडायसवरची, म्हणजे शाळांच्या सरकारी नोंदींतली, माहिती तुम्ही काढलीच आहे. त्यात खोल्या, नळ, संडास कळतात, शाळा चालते कशी ते नाही.

११ मुलं म्हणजे प्रत्येकाकडे लक्ष, असं वाटतं खरं. पण तीच बाई चारही वर्ग घेणार, माध्यान्ह आहाराची नोंद ठेवणार, ऑनलाइन माहिती भरणार. शिवाय निवडणूक आणि जनगणनेच्या कामाला शिक्षक लावायची मुभा २००९च्या शिक्षण हक्क कायद्यातच आहे. बाई तिकडे गेल्या किंवा तापाने पडल्या, की बदली शिक्षक येईपर्यंत सगळं अडलं. याच कायद्याप्रमाणे ६० मुलांपर्यंतच्या प्राथमिक शाळेलाही दोन शिक्षक हवेत. तेव्हा भागशिक्षणाधिकाऱ्यांच्या कार्यालयात विचारा. 'येतील हो' यावर विसंबू नका, आदेश निघाला का तेवढंच विचारा.

मग एखाद्या साध्या दिवशी, बाईंना आधी विचारून, दोन्हीकडे तासभर बसा. स्नेहसंमेलनाला सगळ्याच शाळा छान दिसतात! चार वर्ग एकत्र बसवणं वाईटच असतं असं नाही. फळ्याच्या मधोमध रेघ मारून एकीकडे पहिली-दुसरीचे शब्द, दुसरीकडे तिसरी-चौथीची गणितं, आणि चौथीची पोरं धाकट्यांचं वाचन घेतायत, असं दिसलं तर ती बाई कसलेली आहे. तिसरीतल्या मुलाला वर्तमानपत्रातल्या चार ओळी वाचायला द्या. पुस्तकातला धडा नको, तो पाठ असतो. वह्या चाळताना चुकीच्या बेरजेवरही बरोबरची लाल खूण आहे का ते बघा.

आपली पोरं घरी कोकणी बोलतात. मूल कोकणीत उत्तर देतं तेव्हा बाई ते ऐकून घेऊन मराठीकडे नेतात की 'मराठीत सांग' म्हणून गप्प करतात, हे पहिलीसाठी फार महत्त्वाचं. इंग्रजीकडेही लक्ष असू द्या. सरकारी प्राथमिक चौथीपर्यंत, आणि पुढे हायस्कूलात जवळपास सगळीकडे माध्यम इंग्रजी. चौथीचं मूल साधं इंग्रजी वाक्य स्वतः लिहू शकतं का, तेवढं पाहिलं तरी पुरे.

माध्यान्ह आहारातल्या पावभाजीवरून शाळा ठरवू नका. ती बचत गटाच्या हातची.

तुमच्या जागी मी असतो तर शेजारच्या गावची शाळा घेतली असती. दोन शिक्षक आहेत हे एक, आणि मुलीच्या वर्गात तिच्या वयाची चार पोरं तरी असतील. फक्त वाटेतला व्हाळ (ओढा) जुलैत कसा असतो, साकवावरून (छोट्या पुलावरून) पाणी जातं का, ते तिथल्या पालकांना विचारा. बालरथ, म्हणजे सरकारी योजनेतल्या शाळेच्या बसगाड्या, अनुदानित शाळांचे, सरकारी प्राथमिकला ती सोय धरू नका. न्यायचं-आणायचं जमणार नसेल तर वाड्यावरच घाला आणि पालक-शिक्षक संघात शिरून दुसऱ्या शिक्षकाचा पाठपुरावा करा. गणेश चवथीच्या सुट्टीपर्यंत काही हललं नाही तर दाखला मागा. दुसऱ्या सरकारी किंवा अनुदानित शाळेत जायचा हक्क मुलीला आहे, आणि दाखल्याला उशीर झाला म्हणून नवी शाळा प्रवेश नाकारू शकत नाही.