पैसे देत नाही म्हणून मुलाची भेट बंद करू का?

प्रश्न : मॅडम, आमचा म्युच्युअल डिव्होर्स होऊन दोन वर्षं झाली, मुलगा आठ वर्षांचा आहे, कस्टडी माझ्याकडे. मुलाचा महिन्याचा खर्च आणि शाळेची अर्धी फी वडिलांनी द्यायची असं कन्सेंट टर्म्समध्ये, म्हणजे दोघांनी सही करून कोर्टात दिलेल्या अटींमध्ये आहे, पण पाच महिने झाले एक रुपया नाही, फोन केला की नुसतं "बघतो". म्हणून मीही रविवारची भेट बंद केली, तर त्याने उलट मलाच वकिलाची नोटीस पाठवलीय! मी त्याच्यावर केस करू शकते का?

उत्तर : करू शकता ताई, पण आधी भेट सुरू करा, या रविवारपासूनच. राग येणं साहजिक आहे, तरी कोर्ट पैसे आणि भेट या दोन गोष्टी एकमेकांत मिसळत नाही, आणि तुम्ही भेट अडवलीत की त्याचा वकील थकलेल्या पैशांबद्दल चकार शब्द न काढता "आईने कोर्टाचा आदेश मोडला" एवढंच धरून बसणार. कस्टडीचा आदेश काही दगडावरची रेघ नसतो, हिंदू विवाह कायद्याच्या कलम 26 खाली तो नंतरही बदलून मागता येतो, त्यामुळे त्याच्या हातात आयतं कोलीत देऊ नका. "रविवारी अकरा वाजता मुलगा तयार असेल" असा साधा व्हॉट्सअॅप मेसेज टाका, टोमणा नको, तो मेसेज उद्या जज वाचू शकतात.

आता पैशांचं. नवा दावा लावायची गरज नाही, कन्सेंट टर्म्स हुकूमनाम्याचा, म्हणजे कोर्टाच्या डिव्होर्सच्या निकालाचा भाग असतील तर त्याच कोर्टात वसुलीची दरखास्त, म्हणजे अर्ज, लावायची. सोबत हुकूमनाम्याची सर्टिफाइड कॉपी, बँकेचं स्टेटमेंट आणि महिनावार थकबाकीचा तक्ता जोडा. पगारावर जप्ती आणता येते. पण पोटगीचा आदेश जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 125 खाली, म्हणजे 1 जुलै 2024 पासूनच्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतल्या कलम 144 खाली झाला असेल तर जपून, तिथे रक्कम देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत अर्ज केला नाही तर त्या रकमेसाठी वॉरंट निघत नाही. "देईल, देईल" म्हणत थांबलेल्या बायकांचं इथेच नुकसान होतं.

आणि हो, "अर्धी फी" म्हणजे नक्की काय ते टर्म्समध्ये बघा. बस, युनिफॉर्म, क्लास धरलेत का? नसतील तर भांडण तिथेच अडणार, मग खर्च वाढवून मागायचा वेगळा अर्ज करा, त्यात दोघांनाही उत्पन्न आणि मालमत्तेचं अॅफिडेव्हिट द्यावं लागतं.

प्रश्न : डिव्होर्सला दोघांची संमती आहे तरी अर्ज केल्यावर सहा महिने थांबावंच लागतं का?

उत्तर : दरवेळी नाही. सुप्रीम कोर्टाने 2017 साली अमरदीप सिंग केसमध्ये सांगितलंय की हा काळ माफ करता येतो, पण अर्ज करायच्या आधीच दीड वर्ष वेगळे राहत असाल, समेटाचे प्रयत्न फसलेले असतील आणि पोटगी, कस्टडी सगळं खरंच मिटलेलं असेल तर. माफ करायचं की नाही ते शेवटी कोर्ट ठरवतं.

प्रश्न : माझे दागिने अजून सासरीच आहेत, डिव्होर्स झाल्यावर मागता येतील का?

उत्तर : येतील, स्त्रीधन तुमचंच. फक्त टर्म्समध्ये "आता एकमेकांकडून काही येणं नाही" अशी ओळ सही करून दिली असेल तर प्रकरण अवघड होतं, तेवढी ओळ आधी शोधा. नसेल तर लग्नातले फोटो आणि सोनाराची बिलं गोळा करून वकिलाकडून नोटीस पाठवा.