स्मार्ट मीटर बसवल्यावर वीज कंपनीला गळती नेमकी कुठे आहे हे कसं कळतं?

नुसत्या घरच्या मीटरमुळे कळत नाही. ट्रान्सफॉर्मरवरही मीटर लागतो. दोन्ही मीटर दर 15 मिनिटांची नोंद ठेवतात, म्हणजे दिवसाला 96. ती 4जी सिमवरून किंवा 865 मेगाहर्ट्झच्या आसपासच्या रेडिओ जाळ्यातून सर्व्हरवर जाते. ट्रान्सफॉर्मरवरून 1,000 युनिट गेले आणि त्याखालच्या सगळ्या ग्राहकांची बेरीज 820 आली, तर 180 युनिटचा हिशेब त्याच ट्रान्सफॉर्मरवर शोधायचा.

पण हे गणित बहुतेक वेळा बिघडतं ते ग्राहक यादीमुळे. लाइनमनने काही ग्राहकांचा लोड (वीजभार) दुसऱ्या ट्रान्सफॉर्मरवर वळवला आणि सिस्टीममध्ये नोंद बदललीच नाही, तर एकीकडे खोटी चोरी दिसते आणि शेजारी चक्क उणे गळती, म्हणजे पुरवठ्यापेक्षा वापर जास्त! म्हणून छापा घालण्याआधी खांबापासून ग्राहकापर्यंत जोडणी तपासा. निष्पाप माणसावर संशय घेणं फार वाईट.

मीटरचं घड्याळ मागेपुढे असेल तरी 15 मिनिटांचे आकडे जुळत नाहीत. ते सर्व्हरच्या वेळेशी नियमित जुळवावं लागतं. तळघरातल्या लोखंडी पेटीत सिग्नल मिळत नसेल, तर अँटेना पेटीबाहेर काढा. नोंदी मीटरच्या मेमरीत राहतात, संपर्क आला की मागच्या ओढून घेता येतात. तोवर त्या ट्रान्सफॉर्मरची गळती काढूच नका.