प्रश्न तुमचे: टेम्प्लेट थांबेना, कंपायलर पडला

प्रश्न: सी++ मध्ये १ ते एन वर्गांची बेरीज कंपाइल होतानाच काढणारं टेम्प्लेट (आकडा किंवा टाइप दिला की कंपायलर ज्यातून कोड बनवतो तो साचा) लिहिलं. आत टर्नरी आहे, एन झिरो असेल तर झिरो, नाहीतर एनचा वर्ग अधिक एन वजा एकचं टेम्प्लेट. जीसीसी कंपायलर म्हणाला डेप्थ, म्हणजे एकात एक पायऱ्या, ९०० च्या वर गेली. मग मी लिमिट वाढवून १ लाख केली तर आता एररच येत नाही, थेट इंटर्नल कंपायलर एरर, सेगमेंटेशन फॉल्ट. हा कंपायलरचा बग आहे का? आणि रिकर्शन (टेम्प्लेटने स्वतःलाच बोलावणं) थांबणार नाही हे त्याला आधीच का कळत नाही?

उत्तर: तुमची गडबड टर्नरीत आहे, आणि ही चूक खूप जण करतात कारण दिसायला कोड अगदी बरोबर दिसतो. साध्या फंक्शनमध्ये टर्नरीची एकच बाजू चालते पण इथे दोन्ही बाजूंचे टाइप कंपायलरला बनवावेच लागतात, त्यामुळे एन झिरो झाला तरी तो वजा एकचं टेम्प्लेट बनवायला जातो, मग वजा दोनचं, आणि असंच खाली खाली. ९०० वाली एरर तेच सांगत होती हो! तिथेच थांबून मेसेजमधले आकडे वाचले असते तर वजा चिन्ह दिसलं असतं.

लिमिट वाढवल्यावर काय झालं, तर प्रत्येक पायरीला कंपायलर स्वतःचा स्टॅक, म्हणजे कामापुरती ठरावीक मेमरी, वापरतो, आणि तो भरला की सेगफॉल्ट. काटेकोरपणे बोलायचं तर कंपायलरने पडू नये, नीट एरर द्यावी, पण ती देणारी गोष्ट तुम्हीच लांब नेऊन ठेवलीत. स्टॅक वाढवून बघाल तर थोडं उशिरा पडेल इतकंच.

आधी कळत का नाही याचं उत्तर मला फार आवडतं. १९९४ मध्ये अर्विन उनरुह यांनी सी++ कमिटीला एक प्रोग्राम दाखवला, तो कंपाइल होत नव्हता पण त्याच्या एरर मेसेजमध्ये मूळ संख्या छापून येत होत्या. म्हणजे टेम्प्लेट ही स्वतःच एक पूर्ण प्रोग्रामिंग भाषा आहे, आणि प्रत्येक प्रोग्रामसाठी तो थांबेल की नाही हे आधीच सांगणारी एकच पद्धत असूच शकत नाही, म्हणून कंपायलर फक्त पायऱ्या मोजतो. सी++९८ च्या स्टँडर्डने किमान १७ सुचवल्या होत्या, सी++११ ने १०२४ केल्या, क्लँग या दुसऱ्या कंपायलरचा डिफॉल्ट तोच आहे.

झिरोसाठी वेगळं स्पेशलायझेशन, म्हणजे फक्त त्या आकड्यापुरती टेम्प्लेटची वेगळी व्याख्या, लिहा, रिकर्शन थांबेल. पण कोणी वजा पाच दिला तर पुन्हा तेच, आणि कंपाइल होतानाच अट तपासणारा स्टॅटिक असर्ट टाकून भागेलच असं नाही कारण तो फेल झाल्यावरही कंपायलर पुढे बनवत राहू शकतो. मी तर म्हणेन टेम्प्लेट सोडाच, सी++१४ पासून कॉन्स्टएक्स्पर, म्हणजे कंपाइल होतानाच चालू शकणाऱ्या, फंक्शनमध्ये साधा लूप चालतो, आकडा काढायला तोच वापरा. टाइपवरच काम असेल तर सी++१७ चा इफ कॉन्स्टएक्स्पर, टेम्प्लेटच्या आत त्याची न निवडलेली बाजू बनवलीच जात नाही.

प्रश्न: माझी डेप्थ फक्त ३० आहे तरी बिल्ड मेमरी खाऊन किल होतो, असं कसं?

उत्तर: प्रत्येक पायरीला दोन नवे टाइप बनत असतील बघा. फिबोनाचीचं टेम्प्लेटही दोनदा स्वतःला बोलावतं पण एकदा बनवलेला टाइप कंपायलर पुन्हा बनवत नाही, म्हणून ३० साठी ३१ च बनतात. तुमच्या डाव्या आणि उजव्या फांदीचे टाइप दरवेळी वेगळे असले तर जुनं काहीच कामी येत नाही, शेवटच्या पायरीलाच १०७ कोटी होतात, आणि ९०० ची लिमिट इथे वाचवत नाही कारण ती फक्त खोली मोजते. आधी डेप्थ १० वर आणून कंपाइल करा, मग ११, १२, वेळ दरवेळी दुप्पट होत असेल तर हेच आहे. क्लँग असेल तर टाइम ट्रेसचा पर्याय लावा, कुठल्या टेम्प्लेटवर वेळ जातोय ते नावानिशी दिसतं.