शाळेवरच्या अतर्क्य विनोदी ॲनिमे नेमक्या कशामुळे जमतात?

वेडेपणामुळे नाही, तर त्या वेडेपणाकडे सगळे किती गंभीरपणे बघतात त्यामुळे. उदाहरण म्हणून क्योटो ॲनिमेशनची २०११ ची ‘निचिजो’ घ्या. नावाचा अर्थच ‘रोजचं, नेहमीचं’. पहिल्याच भागात युको या शाळकरी मुलीच्या डब्यातला सॉसेजचा तुकडा हातातून निसटतो. तो जमिनीवर पडायच्या आत झेलण्याची तिची धडपड एखाद्या युद्धपटातल्या निर्णायक क्षणासारखी रंगवली आहे. गोष्ट चिमूटभर, मेहनत डोंगराएवढी, आणि हसू त्या तफावतीचं. उलट शाळेच्या आवारात मुख्याध्यापक हरणाशी कुस्ती खेळतात तेव्हा जग मात्र शांतपणे चालू राहतं. शाळा लागते ती याचसाठी: तास, गृहपाठ, डबा हे आपल्या इतकं अंगवळणी पडलेलं असतं की नियम समजावण्यात वेळ जात नाही, थेट मोडायला घेता येतात. शिवाय एक वेडेपणा करणारा आणि एक त्याला झापणारा ही मान्झाई या दोघांच्या जपानी विनोदी संवादप्रकारातली जुनी जोडी पाठीशी असतेच. झापणारा नसला की नुसता गोंधळ उरतो (बऱ्याच नकला इथेच आपटतात). फक्त भारी ॲनिमेशन हवंच असं समजू नका. ‘क्रोमार्टी हायस्कूल’ या दुसऱ्या ॲनिमेमध्ये पात्रं जेमतेम हलतात, वर्गात गोरिला असतो, मेकाझावा नावाचा विद्यार्थी उघडउघड यंत्रमानव असूनही बहुतेकांच्या ते गावीही नसतं, आणि त्या मख्ख चेहऱ्यांवरच सगळं तरून जातं.