'पब्लिक लँड्स' म्हणजे भूखंड नव्हेत, रान

कोलोरॅडोत राहणाऱ्या एका ताईंचा प्रश्न आहे. अमेरिकी सिनेटच्या 'एनर्जी अँड नॅचरल रिसोर्सेस कमिटी'ला मराठीत काय म्हणावे? 'ऊर्जा व नैसर्गिक संसाधन समिती' चालेल का? शिवाय या समितीच्या अखत्यारीतल्या 'पब्लिक लँड्स'ना, म्हणजे अमेरिकी संघराज्य सरकारच्या मालकीच्या जमिनींना, मराठीत 'सार्वजनिक भूखंड' लिहिलेले त्यांनी वाचले आणि ते त्यांना खटकले.

खटकायलाच हवे. आधी सोपे आहे ते उरकतो. ऊर्जा ठीक, समिती ठीक. 'संसाधन' मात्र हिंदीतून उचललेले आहे. आपण शाळेच्या भूगोलात 'नैसर्गिक साधनसंपत्ती' शिकलो, तोच शब्द वापरा. आणि कृपा करून, ही समिती ज्या 'इंटिरियर' खात्यावर देखरेख ठेवते त्याला 'गृहखाते' म्हणू नका. ही चूक मी इतक्यांदा वाचली आहे की आता मोजणे सोडले. कायदा-सुव्यवस्था हे त्या खात्याचे मुख्य काम नाही. १८४९ पासून त्याच्याकडे आहेत त्या जमिनी, आणि पुढे त्यात राष्ट्रीय उद्याने, खाणपट्टे, धरणे यांची भर पडली. आपल्याकडचे महसूल, वन आणि जलसंपदा एकत्र बांधले तर जे होईल, साधारण तसे ते खाते आहे.

आता भूखंड. भूखंड म्हणजे आखलेला, क्रमांक पडलेला, चतुःसीमा असलेला तुकडा. सिडकोचा भूखंड, एमआयडीसीचा भूखंड. इंटिरियर खात्यातल्या एकट्या भूव्यवस्थापन विभागाकडे सुमारे २४.५ कोटी एकर जमीन आहे, म्हणजे तीन महाराष्ट्र बसवून वर जागा उरेल. नेवाडा राज्याची जवळपास ८० टक्के जमीन संघराज्य सरकारची. त्यात सेजब्रशची झुडपे, खडकाळ घळी, डोंगर, वाळवंट. याला भूखंड म्हणणारा माणूस सह्याद्रीला प्लॉट म्हणेल. जून २०२५ मध्ये समितीचे अध्यक्ष माइक ली यांनी यातली २० लाखांहून जास्त एकर जमीन विकायचा प्रस्ताव आणला आणि शिकारी, गिर्यारोहक, गुरेवाले असे एरवी एकमेकांशी न पटणारे लोक एकत्र उठले. महिना संपायच्या आत प्रस्ताव मागे घ्यावा लागला. 'भूखंडविक्री' म्हटले की मराठी वाचकाला कुंपण आणि पाटी दिसते. माणसे एवढी का पेटली ते त्याला कळणारच नाही.

यासाठी आपल्याकडे शब्द आहे, आणि तो मराठीतल्या सर्वांत सुंदर शब्दांपैकी आहे: रान.

रान आले अरण्यावरून. संस्कृत अरण्य, प्राकृतात पहिला अ गळून रण्ण, मराठीत रान. कर्ण–कण्ण–कान, पर्ण–पण्ण–पान, तसेच हे. जोडाक्षरातला ण्ण मराठीत न होतो, नियम पक्का आहे. (म्हणूनच कच्छच्या रणाचे मूळ अरण्यात शोधणाऱ्यांचे मला पटत नाही. गुजरातीतही कान आणि पान असेच होतात, आणि त्या भाषेत रान हा वेगळा शब्द आहेच. मग अरण्याचे रण कसे होईल? ते संस्कृत इरिणाचे, म्हणजे खाऱ्या, नापीक जमिनीचे.)

पण खरी गंमत अरण्याच्या मागे आहे. वैदिक शब्दांची मुळे सांगणाऱ्या यास्काने आपल्या 'निरुक्त' या ग्रंथात दोन व्युत्पत्ती दिल्या: गावापासून दूर गेलेले ते अरण्य, किंवा जिथे मन रमत नाही, अ-रमण, ते अरण्य. आपले प्रवचनकार दुसरीच सांगत बसतात, कारण ती गोड लागते. वैयाकरणांची वेगळीच वाट: ऋ धातू, जिथे जातात ते. अरणी, म्हणजे घासून अग्नी पेटवायची लाकडे, जिथे मिळतात ते अरण्य, असेही कुणीकुणी सांगतात; तो निव्वळ आवाजाचा सारखेपणा आहे. मला पटते ती व्युत्पत्ती साधी आहे, आणि यास्काची पहिली तिच्या दाराशी येऊन थांबली होती. वेदात 'अरण' हा शब्द आहे: दूरचा, परका. ऋग्वेदाच्या सहाव्या मंडलात 'यो नः स्वो अरणो' असे येते, म्हणजे आमचा स्वतःचा असो वा परका. स्व आणि अरण ही जोडी आहे. त्या अरणापासून अरण्य. झाडे दाट आहेत म्हणून ते अरण्य नव्हे. ते माझे नाही, गावाचे नाही, वेशीपलीकडचे आहे, म्हणून अरण्य.

आता हा शब्द तीन हजार वर्षे चालत मराठीत येऊन कुठे पोचला बघा. कोकणात आणि गोव्यात रान म्हणजे अजून जंगलच. पण देशावर? माझे मामा माण तालुक्यातले. फोन केला की पलीकडून वारा ऐकू येतो आणि मामा सांगतात, "रानात हाय, सांच्याला बोलू." ते जंगलात नसतात, स्वतःच्या ज्वारीत असतात. काळं रान, मुरमाड रान, जिरायती रान. पावसाने दडी मारली की रान तापते, पाऊस उघडला की रानाला वाफसा येतो. जो शब्द 'परक्याचे' म्हणून जन्माला आला तो 'माझे' होऊन बसला. आणि जुना अर्थही मेला नाही: रानटी, रानडुक्कर, आडरान, माळरान यांत तो धडधाकट आहे. मधल्या पायरीवर गायरान उभे आहे, जे कुणा एकाचे नाही आणि म्हणून सगळ्या गावाचे आहे. मामांच्या बांधाला लागून ते आहे. दिवाळीनंतर तिथे मेंढ्या बसलेल्या मी पाहिल्या आहेत, सातबाऱ्यावर नाव सरकारचे आणि वाटा सगळ्या गावाच्या पायांनी पडलेल्या.

परके, सर्वांचे, माझे. 'पब्लिक लँड्स'वरचे अमेरिकेतले दोनशे वर्षांचे भांडण या तीन अर्थांतच चालले आहे. सिनेटने १८१६ मध्ये ही समिती नेमली तेव्हा तिचे नावच 'पब्लिक लँड्स' होते. 'ऊर्जा' हा शब्द नावात आला १९७७ मध्ये. तेव्हाचे काम जमीन वाटायचे. १८६२ च्या होमस्टेड कायद्याने कसणाऱ्याला १६० एकर मिळत, म्हणजे रान 'माझे' करायचा कायदाच. जे कुणी मागितले नाही ते उरले, आणि त्यावर गुरे चरत राहिली. १९३४ च्या टेलर कायद्याने त्या चराईला शिस्त लावली, आणि १९७६ च्या कायद्याने ठरवले की उरलेले रान आता साधारणपणे सरकारकडेच ठेवायचे. आजही तिथे चराईचा हिशेब गाय, तिचे वासरू आणि महिना असा होतो. २०२५ मध्ये दर होता १.३५ डॉलर. आपल्या महसूल संहितेच्या कलम २२ मध्ये गावच्या गुरांची चराई फुकट आहे, एवढाच फरक.

मग 'गायरान'च का म्हणू नये? काहींनी तसे सुचवले आहे, मला ते मान्य नाही. गायरान एका गावाला बांधलेले असते. नेवाडातल्या जमिनीवर तिथल्या गुरेवाल्याचा जेवढा हक्क, तेवढाच न्यूयॉर्कच्या शिक्षिकेचा. 'सरकारी जमीन' चुकीचे नाही, पण त्यात कचेरीचा वास येतो आणि माणसे गळतात. 'सार्वजनिक जमीन' त्यातल्या त्यात बरे. माझे मत 'सार्वजनिक रान'. अनेकवचन लिहिताना राने, बोलताना रानं. समितीचे नाव 'ऊर्जा व नैसर्गिक साधनसंपत्ती समिती' एवढेच ठेवा, आणि बातमीत लिहा: २० लाख एकर सार्वजनिक रान विकायचा प्रस्ताव बारगळला.