लाल टोपीवालीला लांडगा खातो आणि गोष्ट तिथेच संपते. माझ्या पुस्तकाची पानं गळाली आहेत का?

पानं गळालेली नाहीत. तुम्ही लिहिलंय की मुखपृष्ठावर 'फ्रेंच परीकथा' आहे आणि सात वर्षांच्या मुलीला वाचून दाखवताना गोष्ट लांडग्याच्या घासापाशी थांबली. म्हणजे पुस्तक प्रामाणिक आहे. शार्ल पेरो यांचा आठ गद्य गोष्टींचा संग्रह १६९७ मध्ये पॅरिसला छापला गेला. त्यात ही गोष्ट तिथेच संपते. शिकारी येतो, लांडग्याचं पोट कापतो, त्यात धोंडे भरतात, हे सगळं ग्रिम बंधूंच्या १८१२ च्या जर्मन संग्रहातलं. आपल्याकडे दोघेही इंग्रजीच्या वाटेने आले, म्हणून मराठी पुस्तकांत पुष्कळदा दोघांची खिचडी झालेली दिसते.

शेवट तुटक वाटतो, कारण तो डोळ्यांनी वाचायचा नाहीच. पेरोच्या गोष्टींचं १६९५ चं एक हस्तलिखित आहे. त्यात लांडग्याच्या शेवटच्या वाक्याशेजारी समासात सूचना आहे: हे शब्द मोठ्या आवाजात म्हणावेत, जणू लांडगा आता मुलाला खाणारच. थोडक्यात, गोष्टीचा शेवट हा 'भ्यॉ' करण्याचा खेळ आहे. 'आजी, तुझे हात केवढे गं!' इथपासून आवाज खाली आणत जा. हात, पाय, कान, डोळे, दात असा पेरोचा क्रम आहे. दातांपाशी पोचेपर्यंत जवळजवळ कुजबुज हवी. मग एकदम 'तुला खायला!' म्हणून मुलीला कवेत घ्या. ती दचकेल, खिदळेल आणि 'परत' म्हणेल. हेच वाक्य सपाट सुरात वाचलं तर मुलाच्या हाती उरतो फक्त मृत्यू. मग आईबाप घाबरून घाईघाईने शिकारी घुसडतात.

आवृत्ती ओळखायला हाच क्रम उपयोगी पडतो. यादीत पाय असतील आणि शेवट दातांवर असेल तर पेरो. पाय नसतील आणि शेवट तोंडावर असेल तर ग्रिम. खाऊही बघा. पेरोची मुलगी आजीला चपटी गोड पोळी आणि लोण्याचं मडकं नेते, ग्रिमची केक आणि वाइन. दाराशी आजी जे सांगते तेही पेरोचंच: 'खुंटी ओढ, अडसर पडेल.' मूळ फ्रेंचमध्ये त्यातलं 'पडेल' हे क्रियापद १६९७ मध्येही जुनाट वाटत होतं आणि वाक्याला मंत्रासारखा ठेका आहे. भाषांतरात 'दार उघडून आत ये' असं असेल तर खुशाल बदलून वाचा.

सिंड्रेलात भोपळा, सहा उंदरांचे घोडे, सहा पालींचे सेवक आणि काचेची सपाता म्हणजे पेरो. तिथे ती सावत्र बहिणींना माफ करते आणि त्यांची लग्नंही लावून देते. ग्रिमकडे परी नाही. आईच्या थडग्यावरचं झाड आहे, सोन्याची सपाता आहे, बहिणी टाच आणि अंगठा कापून घेतात आणि शेवटी कबुतरं त्यांचे डोळे टोचतात. 'काच ही छपाईची चूक, मुळात फर होती' हा शोध एकोणिसाव्या शतकातला. १६९७ च्या छापील प्रतीत काचच आहे, त्यामुळे त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही.

झोपलेल्या राजकन्येच्या बाबतीत मात्र आधी स्वतः वाचून घ्या. पेरोकडे चुंबन नाही. राजपुत्र गुडघे टेकतो आणि शंभर वर्षं पुरी झाली म्हणून ती जागी होते. लग्नाने गोष्ट संपतही नाही. राजपुत्राची आई राक्षसिणीच्या कुळातली निघते आणि नातवंडांना शिजवायला सांगते. आचारी त्यांच्याऐवजी कोकरू आणि करडू शिजवून वाढतो. सात वर्षांच्या मुलीसाठी लग्नापाशी थांबा, काहीच बिघडत नाही. उरलेला भाग दोनेक वर्षांनी स्वतंत्र गोष्ट म्हणून चालतो, आणि खरं तर तोच जास्त रंगतो.

निळ्या दाढीवाल्याची गोष्ट सध्या ठेवून द्या. किल्लीवरचा रक्ताचा डाग एका बाजूने घासला की दुसऱ्या बाजूला उमटतो, ही कल्पना अफलातून आहे. पण ती किल्ली ज्या खोलीची, तिथे त्याच्या आधीच्या बायकांची प्रेतं आहेत. ही गोष्ट आणि बूटवाल्या मांजराची गोष्ट ग्रिमच्या पहिल्या आवृत्तीत होत्या. फारच फ्रेंच म्हणून १८१९ च्या दुसऱ्या आवृत्तीतून त्या काढल्या. त्यामुळे ग्रिमच्या नावाने छापलेल्या पुस्तकात मांजर बूट घालून आलं तर संपादकाने भेसळ केली असण्याची दाट शक्यता आहे.

प्रत्येक गोष्टीखालच्या कवितेचंही तुम्ही विचारलंय. ते पेरोचं तात्पर्य, दरबारातल्या मोठ्या माणसांसाठी लिहिलेलं. लाल टोपीवालीखालचं तात्पर्य गोडबोल्या 'लांडग्यां'बद्दल आहे, जे तरुण मुलींच्या मागे घरापर्यंत येतात. आत्ता ते गाळा. मुलगी बारा-तेराची झाली की ते पान तिलाच वाचायला द्या.