डावखुऱ्यासमोर पाऊल कुठे टाकायचं? बॉक्सिंगवरच्या प्रश्नांना उत्तरं

प्रश्न : डावखुरा बॉक्सर समोर आला की माझा जॅब (पुढच्या हाताचा सरळ ठोसा) अडतो आणि त्याचा डावा सरळ ठोसा मला बसतो. प्रशिक्षक 'डावीकडे सरक' म्हणतात. नेमकं कसं सरकायचं? (सांगली)

जॅब अडतो तो उभं राहण्यामुळे. तुमचा डावा पाय पुढे, त्याचा उजवा. त्यामुळे दोघांचे पुढचे हात समोरासमोर येतात आणि तुमचा जॅब त्याच्या ग्लोव्हवरच आदळतो. मागच्या हाताची वाट मात्र मोकळी असते, आणि ती दोघांनाही. तिचा फायदा कोणी घ्यायचा, हे पुढच्या पावलावर ठरतं.

तुमचं डावं पाऊल त्याच्या उजव्या पावलाच्या बाहेर, करंगळीच्या बाजूला पडलं पाहिजे. आधी डावा पाय वीतभर डावीकडे, लगेच उजवा तेवढाच. आधी उजवा उचललात तर दोन्ही पाय जवळ येतात आणि त्या क्षणी साधा धक्काही तोल घालवतो. पाऊल बरोबर पडलं की तुमच्या उजव्या हाताला त्याची हनुवटी सरळ सापडते आणि तुमचं डोकं त्याच्या डाव्या हाताच्या रेषेतून बाहेर येतं. उजवा मारताना डोकं डाव्या गुडघ्याच्या वर येऊ द्या. ते मधोमध राहिलं, तर तुमचा ठोसा लागला तरी त्याचाही लागेल.

यात एक धोका आहे. डावीकडे सरकताना तुम्ही त्याच्या उजव्या हूककडे, म्हणजे कोपर वाकवून बाजूने येणाऱ्या ठोशाकडे, जात असता. म्हणून डावा ग्लोव्ह गालावरून हलवायचा नाही, आणि ठोसा मारून तिथेच थांबायचं नाही. आणखी एक पाऊल डावीकडे टाका आणि पुन्हा समोर वळा.

बहुतेकांचं चुकतं ते बाहेर जाण्याच्या घाईत. पाऊल हातभर लांब पडतं, वजन टाचेवर जातं आणि ठोशात जोर उरत नाही. समोरचाही तीच जागा मागत असेल तर पाठलाग करू नका. एक पाऊल मागे या आणि नव्याने सुरुवात करा. जॅबही सोडू नका. डोक्याऐवजी छातीच्या खाली मारा, तो त्याच्या हाताखालून जातो. किंवा पुढच्या ग्लोव्हने त्याचा ग्लोव्ह नुसता दाबून ठेवा, म्हणजे त्याला पाहायला आणि मारायला दोन्हीला अडचण होते.

सरावासाठी जमिनीवर खडूने त्याचं उजवं पाऊल काढा. 2 मिनिटांची पहिली फेरी फक्त पायांची, दुसरी उजव्या ठोशासह, तिसरी जोडीदारासोबत. डावखुरा जोडीदार नसेल तर उजव्या हाताच्या मुलाला पाय बदलून उभं करा. पावलांसाठी ते पुरतं; खऱ्या डावखुऱ्याच्या ठोशाची वेळ मात्र त्यातून कळत नाही. मेरी कोम आणि मॅनी पॅकियाओ दोघेही साउथपॉ, म्हणजे उजवा पाय पुढे ठेवून लढणारे. त्यांच्या लढती पाहताना एक फेरी तरी हातांकडे न बघता फक्त पुढच्या पायांकडे बघा.

प्रश्न : पंचिंग बॅगवर डावा हूक मारला की मनगट दुखतं. बँडेज बांधते, तरीही. (नाशिक)

बहुधा कोपर मुठीच्या खाली लोंबतंय किंवा ठोसा शेवटच्या दोन बोटांच्या गाठींवर बसतोय. मूठ, मनगट आणि कोपर एका पातळीत हवेत. लागायच्या गाठी तर्जनी आणि मधल्या बोटाच्या. हात फेकू नका. पुढच्या पायाचा चवडा आत वळवा, कंबर वळेल आणि तिच्यामागून हात येईल. जवळून मारताना अंगठा वर असलेला हूक बऱ्याच जणांना मनगटाला सोपा जातो.

बँडेज 4.5 मीटरचं घ्या. छोट्यात मनगटाचे वेढे अपुरे पडतात. आधी मनगटाला तीन वेढे, मग बोटांच्या मधून, मग गाठींवर तीन, आणि उरलेलं परत मनगटावर. बोटं पसरून बांधा, नाहीतर मूठ वळताच ते आवळतं.

अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या खळगीत दाबल्यावर दुखत असेल तर बॅग लगेच बंद करा आणि डॉक्टरांना दाखवा. तिथल्या छोट्या हाडाची चीर पहिल्या एक्स-रेमध्ये दिसतेच असं नाही. दुखणं राहिलं तर पुन्हा तपासून घ्या.

प्रश्न : माझी उंची कमी आहे. टायसनसारखी पीक-अ-बू शैली शिकू का? (कोल्हापूर)

आत्ताच नको. टायसनचे प्रशिक्षक कस डी'अमॅटो यांनी घडवलेल्या या शैलीत दोन्ही ग्लोव्ह गालांशी, कोपरं बरगड्यांशी आणि डोकं सतत हलतं असतं. पण डोकं हलतं ते गुडघ्यांतून. कमरेतून वाकलात तर समोरून येणारा अपरकट (खालून वर मारलेला ठोसा) थेट तोंडावर बसेल. तीन-तीन मिनिटांच्या तीन फेऱ्या गुडघे वाकवून आत शिरत राहायला मांड्यांत फार दम लागतो. आधी जॅब मारत आत शिरायला शिका. उंच बॉक्सरच्या जॅबखालून जाऊन पोटावर दोन ठोसे आणि बाजूने बाहेर, एवढं घोटवलंत तरी हौशी स्पर्धेत पुष्कळ लढती निघतील.

प्रश्न : स्पारिंगला, म्हणजे जोडीदाराशी सरावाच्या लढतीला, किती औंसाचे ग्लोव्ह? (ठाणे)

मोठ्यांना 16, हलक्या वजनाच्यांना 14. स्पर्धेत वजनगटानुसार 10 किंवा 12 मिळतात. बॅगवर वापरून दबलेले ग्लोव्ह जोडीदारावर वापरू नका.